स्पायडर-मॅनचा काळ्या कव्हरचा अंक कसा वाचायचा

अमेझिंग स्पायडर-मॅन, मार्व्हल कंपनीचं कॉमिक मासिक, दुसरा व्हॉल्यूम, इश्यू नंबर ३६. फॅन मंडळी याला नुसतं ब्लॅक इश्यू म्हणतात कारण कव्हर अख्खं काळं आहे, मासिकाचं नाव सोडलं तर त्यावर काही नाही, ना उडी मारणारा स्पायडी ना कोणी व्हिलन ना मोठ्या अक्षरात ओरडणाऱ्या ओळी. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे ट्विन टॉवर्स पडले आणि १४ नोव्हेंबरला त्याच घटनेवरचा हा अंक दुकानात आला, म्हणजे मध्ये जेमतेम दोन महिने, आणि त्यात लिहायचं, पेन्सिल करायची, इंक करायचं, रंगवायचं, छापायचं, सगळं आलं. माझा हा सगळ्यात आवडता सुपरहिरो अंक आहे. पण बहुतेक लोक तो दहा मिनिटांत चाळतात, हां हां तो व्हिलन डॉक्टर डूम रडतो तोच ना, एवढं लक्षात ठेवतात आणि बाजूला ठेवून देतात, म्हणून तो कसा वाचावा हे जरा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी मिळवायचा कसा ते. सिंगल अंक जुन्या कॉमिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो, पण वाचण्यासाठी त्याच्या मागे धावायची गरज नाही. रेव्हलेशन्स नावाचं कलेक्शन आहे त्यात ३६ ते ३९ हे अंक आहेत, नाहीतर याच लेखकाच्या, स्ट्राझिन्स्कीच्या, अंकांचं अल्टिमेट कलेक्शन, पहिलं पुस्तक, त्यात ३० पासून ४५ पर्यंत सगळे येतात. मार्व्हल अनलिमिटेड या कंपनीच्या ऑनलाइन सेवेवरही वाचता येतो. मोबाइलवर वाचणार असाल तर एकच कळकळीची विनंती, ते एकेक पॅनेल, म्हणजे चित्राची चौकट, सरकवत दाखवणारं सेटिंग बंद करा. या अंकात डबल पेज चित्रं आहेत आणि ती तुकड्यातुकड्यात बघितली तर अंक वाचलाच नाही असं समजा. टॅब्लेट आडवा धरा किंवा सरळ लॅपटॉपवर उघडा, आणि जमत असेल तर कागदावरच वाचा.

बसायच्या आधी पाच मिनिटं एक काम करा, त्या सकाळचा क्रम डोळ्यांखालून घाला. विशेषतः तुमचा जन्म २००१ च्या नंतरचा असेल तर हे कराच, कारण लेखक तुम्हाला काहीच समजावून सांगत नाही, तेव्हाच्या वाचकाला सगळं पाठ होतं. पहिलं विमान नॉर्थ टॉवरला ८:४६ ला आदळलं, दुसरं साउथ टॉवरला ९:०३ ला. साउथ टॉवर ९:५९ ला कोसळला, नॉर्थ १०:२८ ला. तिसरं विमान पेंटॅगॉनवर गेलं आणि चौथं, फ्लाइट ९३, प्रवाशांनी प्रतिकार केल्यावर पेनसिल्व्हेनियात शँक्सव्हिलजवळ पडलं. एकूण २,९७७ माणसं गेली आणि त्यात न्यूयॉर्क फायर डिपार्टमेंटचे ३४३ जण. हा ३४३ आकडा डोक्यात ठेवूनच अंक उघडा, का ते पुढे कळेल.

आणि नात्यात, ओळखीत कोणी तेव्हा तिकडे होतं का ते विचारून बघा. एडिसन, जर्सी सिटी या बाजूला आपली इतकी माणसं आहेत की कोणीतरी सापडतंच, जर्सी सिटीतून तर हडसनच्या पलीकडे धूर सरळ दिसत होता. त्यांच्याकडून दोन वाक्यं ऐकून मग अंक हातात घेतला तर तो वेगळाच लागतो.

आता हे स्पायडर-मॅनच्याच वाट्याला का आलं ते समजून घेणं गरजेचं आहे. सुपरमॅन मेट्रोपोलिसमध्ये राहतो, बॅटमॅन गॉथममध्ये, दोन्ही शहरं मनाने रचलेली. मार्व्हलने मात्र पहिल्यापासून खरं न्यूयॉर्क धरलं, पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सचा मुलगा, १९६२ पासून तो याच शहराच्या इमारतींवरून लोंबकळत फिरतोय, खुद्द मार्व्हलचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. त्यामुळे ११ सप्टेंबरनंतर मार्व्हलला दोनच रस्ते होते, एक तर आपल्या पानांवरचं न्यूयॉर्क खोटं आहे असं मान्य करायचं नाहीतर ते टॉवर्स पानावरही पाडायचे. त्यांनी दुसरा रस्ता घेतला. लिहिलं जे. मायकल स्ट्राझिन्स्कीने, पेन्सिल, म्हणजे मूळ चित्रं, जॉन रोमिटा ज्युनियरची, त्यावर शाई फिरवायचं काम, इंक, स्कॉट हॅनाचं. रोमिटा ज्युनियर न्यूयॉर्कचाच, आणि त्याचे वडील जॉन रोमिटा सीनियर यांनी साठच्या दशकात स्पायडर-मॅन काढलेला, म्हणजे हे शहर आणि हा हिरो दोन्ही त्याच्या घरातलेच.

ज्यांनी ३० ते ३५ हे अंक सलग वाचलेत त्यांच्यासाठी एक सूचना. ३५ च्या शेवटी मे आंटीला, पीटरला वाढवणाऱ्या काकूला, पीटर जखमी अवस्थेत झोपलेला दिसतो, फाटका कॉस्च्युम दिसतो आणि तिला सगळं कळतं, म्हणजे चाळीस वर्षांचं गुपित फुटतं, केवढी मोठी गोष्ट, आणि पुढचा अंक घेतला तर हे काळं कव्हर. ३६ चा त्या गोष्टीशी काहीही संबंध नाही. आत सुरुवातीलाच काळ्या पानावर टीव्हीवर सांगतात तसं येतं की नेहमीचा कार्यक्रम थांबवून विशेष बातमी देत आहोत. तेव्हा मे आंटीचं काय झालं ही उत्सुकता खिशात ठेवा आणि हा अंक एकटा, सुटा वाचा. ज्यांनी आधीचं काहीच वाचलेलं नाही त्यांचं काही अडत नाही, स्पायडर-मॅन कोण एवढं माहीत असलं की पुरे.

पहिल्या वाचनात शब्द वाचू नका. खरंच सांगतोय, कॅप्शनकडे, म्हणजे चित्रांवरच्या चौकटीतल्या मजकुराकडे, बघूच नका, नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. काळं पान उलटलं की समोर पसरलेलं डबल पेज येतं, पूर्ण ढिगारा, धूर, वाकलेलं लोखंड आणि त्यापुढे दोन्ही हातांनी डोकं धरलेला स्पायडर-मॅन. एवढ्या मोठ्या चित्रात त्याच्या तोंडी एकच शब्द आहे, देवाचं नाव, तेही हळू आवाजात. या पानावर थांबा. स्पायडर-मॅन म्हणजे सतत बडबड करणारा हिरो, मार खाताना पण जोक मारणारा, त्याच्याकडे इथे एका शब्दापलीकडे काही नाही आणि ते लेखकाने सांगायच्या आधी चित्रकाराने दाखवलंय. रोमिटा ज्युनियरची माणसं जरा चौकोनी, जड असतात, काही जणांना ती शैली आवडत नाही, पण इथे ते जडपण बरोबर उपयोगी पडलंय कारण ढिगारा खरंच वजनदार वाटतो, कोणी एका हाताने उचलून फेकेल असा वाटत नाही.

चित्रं बघताना एकच गोष्ट शोधत राहा, स्पायडर-मॅन नक्की करतोय काय? तो कोणाला वाचवत नाही. कोणाशी मारामारी करत नाही, कारण मारायला समोर कोणी नाहीच. तो बघतो, मदतीला हात लावतो, बाजूला उभा राहतो, एका मुलाला जवळ घेतो. अंकात कॅप्टन अमेरिका आहे, मार्व्हलचे बाकी मोठमोठे हिरो आहेत, आणि ते सगळे फायरमनच्या शेजारी उभे राहून फायरमन जे करतायत तेच करतायत, दगड उचलतायत. इथे तो ३४३ आकडा आठवा आणि मग फायरमन आणि पोलीस असलेली पॅनेल परत बघा, कोण पुढे आहे आणि कोण मागे. माझ्या मते या अंकाचं सगळं म्हणणं या जागांमध्ये आहे, सुपरहिरोला त्याच्याच मासिकात कडेला उभं केलंय आणि मधली जागा युनिफॉर्ममधल्या साध्या माणसांना दिली आहे. हे एकदा दिसलं ना की अंक पूर्ण उघडतो, आणि नाही दिसलं तर तो फक्त एक भावनिक भाषण वाटतो.

मग दुसरं वाचन, आता शब्दांसकट. इथे सांभाळा, कारण स्ट्राझिन्स्कीची भाषा अलंकारिक आहे, जवळजवळ प्रवचनासारखी, आणि भरभर वाचली तर जड होते. मोठ्याने वाचा. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या पण मोठ्याने वाचा, प्रत्येक कॅप्शननंतर श्वास घ्या. ती वाक्यं लहान लहान तुकड्यांत तोडलेली आहेत, डोळ्यांनी वाचताना ती पसरट वाटतात आणि तोंडाने म्हटली की जागेवर बसतात.

सुरुवातीलाच धुळीने माखलेली दोन माणसं धावत येतात आणि स्पायडर-मॅनला विचारतात की हे तुम्ही होऊ कसं दिलंत, तुम्ही होतात कुठे. हा प्रश्न प्रत्येक वाचकाच्या मनात येणारच होता, एवढे सगळे हिरो त्या शहरात राहतात, परग्रहावरचे हल्ले परतवतात आणि दोन विमानं थांबवता आली नाहीत? लेखकाने प्रश्न टाळला नाही, दारातच घेतला. त्याने दिलेलं उत्तर थोडक्यात असं की आम्हाला माहीत नव्हतं, आम्हाला असं काही सुचलंच नसतं, असा विचार फक्त वेडेच करू शकतात आणि शहाणी माणसं तिथपर्यंत जाऊ शकत नाहीत म्हणून ती नेहमीच उघडी पडतात. हे उत्तर पटतं का यावर मी मित्रांशी भरपूर वाद घातलाय. राजकीय दृष्टीने ते अपुरं आहे असं मलाही वाटतं, हल्ले काही आकाशातून पडत नाहीत, त्यांच्यामागे माणसं असतात, पैसा असतो, वर्षानुवर्षांची तयारी असते. पण धुळीत उभ्या असलेल्या, काहीच न सुचणाऱ्या माणसाचं उत्तर म्हणून ते खरं वाटतं. दोन्ही गोष्टी मनात ठेवून पुढे जा.

आता तो डूमचा प्रसंग, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. ढिगाऱ्यात व्हिलन मंडळी उभी आहेत, डॉक्टर डूम, मॅग्नीटो, किंगपिन, जगरनॉट, डॉक्टर ऑक्टोपस, आणि डूमच्या डोळ्यात पाणी. लोक म्हणतात हा काय मूर्खपणा आहे, लॅटव्हेरियाचा हुकूमशहा, ज्याने स्वतः न्यूयॉर्कवर कितीदा हल्ले केले तो रडेल का? आणि जगरनॉट तर १९९१ च्या एक्स-फोर्स (मार्व्हलचीच एक टीम) आणि स्पायडर-मॅनच्या एकत्र गोष्टीत वर्ल्ड ट्रेड सेंटरवरच धिंगाणा घालून आलेला. आक्षेप खोटा नाही. यावर माझा उपाय असा की इथे मागच्या अंकांचा हिशोब लावायचा नाही. आपल्याकडे भावकीत वीस वीस वर्षं बोलणं बंद असतं, बांधावरून कोर्टात केस चालू असते, पण मयत झालं की तो माणूस येऊन एका बाजूला उभा राहतो, कोणी त्याला हाकलत नाही आणि त्यामुळे केस पण मिटत नाही. या पॅनेलकडे तसं बघा. आणि एकेक चेहरा वेगळा बघा, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. किंगपिन याच शहराचा गुंड आहे, हे त्याचंही गाव. मॅग्नीटो लहानपणी ऑशविट्झमधून वाचलेला माणूस, माणसं घाऊक मारली जातात तेव्हा काय उरतं हे त्याच्याइतकं तिथे कोणालाच माहीत नसणार, त्यामुळे त्याचं तिथे असणं मला या अंकातल्या सगळ्यात अचूक गोष्टींपैकी एक वाटतं, आणि गंमत म्हणजे त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही कारण सगळे डूमला धरून बसलेत. डूमचा तो अश्रू मात्र नसता तर बरं झालं असतं असं माझंही मत आहे, तो नुसता गप्प उभा राहिला असता तर जास्त पोचलं असतं.

कॅप्टन अमेरिकाचं पॅनेल पटकन निसटतं, तिथे थांबा. स्पायडर-मॅन मनात म्हणतो की हे एकदा बघायला लागलं तेच नको होतं, दोनदा बघावं लागणाऱ्याचं काय होत असेल. कॅप दुसऱ्या महायुद्धातला सैनिक आहे हे लक्षात असेल तर एवढ्या दोन ओळींत साठ वर्षं येतात. जास्त काही स्पष्टीकरण नाही, आणि तेच बरं केलंय.

मुलाचा प्रसंग मी मुद्दाम उलगडून सांगत नाही. वडील आत आहेत आणि मुलगा वाट बघतोय एवढंच सांगतो. तिथे शब्द कमी आहेत, हात बघा, मुलाचे आणि स्पायडर-मॅनचे.

फ्लाइट ९३ चा उल्लेख येतो, विमानातल्या साध्या प्रवाशांनी ठरवून प्रतिकार केला त्याचा, आणि त्याच्या आजूबाजूला साधी माणसं करुणेमुळे असामान्य होतात असं लेखक म्हणतो. इथे मुंबईच्या वाचकाचं मन गिरगाव चौपाटीवर जाणारच, तुकाराम ओंबळे, हातात लाठी आणि समोर एके-४७, आणि तरी बंदुकीची नळी सोडली नाही. जाऊ द्या मन तिकडे, त्यात काही चूक नाही, पण परत या, कारण यानंतरची पानं अवघड आहेत आणि लोक तीच वगळतात.

मुलांना काय सांगायचं हा भाग. लेखक विचारतो की वाईटाचा चेहरा परका असतो असं आपण मुलांना सांगायचं का, आणि स्वतःच नाही म्हणतो, वाईट हे चेहऱ्यामागच्या विचारात असतं आणि तो चेहरा अगदी तुमच्यासारखाही असू शकतो. नोव्हेंबर २००१ मध्ये हे लिहिणं सोपं नव्हतं हो. तेव्हा अमेरिकेत पगडी घातलेल्या शीख माणसांवर, दाढीवाल्यांवर हल्ले झाले होते, ॲरिझोनात तर हल्ल्यानंतर चारच दिवसांनी एका शीख पेट्रोल पंपवाल्याचा खून झाला. ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बॉम्ब पडायला सुरुवात झाली आणि काबूल पडलं १३ नोव्हेंबरला, हा अंक दुकानात यायच्या आदल्या दिवशी. आणि अशा वेळी एका सुपरहिरो कॉमिकमध्ये, जिथे एरवी शत्रूला ठोसा मारणं हाच उपाय असतो, तिथे शेवटाकडे गेलेल्यांच्या वतीने सांगितलंय की अमर्याद न्यायासाठी घाव घालाल तेव्हा अमर्याद शहाणपणाची आशाही धरा. हा अमर्याद न्याय म्हणजे हवेतला शब्द नाही, अमेरिकेने त्या लष्करी मोहिमेला आधी ऑपरेशन इन्फिनिट जस्टिस असंच नाव दिलं होतं, अमर्याद न्याय फक्त देव करतो म्हणून मुस्लिम समाजातून आक्षेप आला आणि मग ते बदललं. हे माहीत नसेल तर ती ओळ नुसती सुंदर वाटते, माहीत असेल तर कळतं की लेखक सरळ सरकारला उद्देशून बोलतोय. मला तरी संपूर्ण अंकातली ही सगळ्यात धाडसाची जागा वाटते.

शेवटची पानं पुन्हा मोठ्याने वाचा. ताठ उभे राहा ही हाक तिथे परत परत येते, आणि शेवटच्या चित्रात हिरो आणि बचावकार्यातली माणसं एकत्र उभी आहेत, अमेरिकेचा झेंडा आहे. झेंडा बघून कोणाला हे सगळं देशभक्तीचं पोस्टर वाटेल, वाटू शकतं, पण आधीची पानं वगळली नसतील तर तसं वाटणार नाही.

मुलांबरोबर वाचायचा असेल तर माझं मत, साधारण बारा वर्षांच्या पुढे. रक्तपात दाखवलेला नाही पण प्रेत नेताना दिसतं आणि बाप गेलेला मुलगा आहे, लहान पोरांना ते झेपणार नाही. आधी तुम्ही एकटे वाचून घ्या. मग त्यांना वाचू द्या, मध्ये बोलू नका, माहिती देत बसू नका, प्रश्न आला तरच उत्तर द्या. पहिला प्रश्न बहुतेक तोच येईल, स्पायडर-मॅनने थांबवलं का नाही, आणि त्यावर तुमच्याकडे छान उत्तर तयार असायला पाहिजे असं काही नाही, अंकातल्या त्या दोन धुळकट माणसांचं पान उघडून मुलांसमोर ठेवा आणि मुलांना काय वाटतं ते विचारा.

हा आवडला तर याच्याबरोबर काय बघायचं तेही सांगतो. द न्यूयॉर्कर मासिकाचं २४ सप्टेंबर २००१ चं कव्हर शोधा, कार्टूनिस्ट आर्ट स्पीगलमनचं ते, पहिल्या नजरेला पूर्ण काळं दिसतं आणि नीट बघितलं की काळ्यावर आणखी गडद काळ्यात दोन टॉवर्स उमटतात. हे कव्हर आणि स्पायडर-मॅनचं कव्हर शेजारी ठेवून बघा. मार्व्हलचंच अ मोमेंट ऑफ सायलेन्स, फेब्रुवारी २००२ चं, त्यात जवळपास शब्दच नाहीत आणि भर सुपरहिरोंवर नाही, ज्यांना ३६ नंबरचं भाषण जास्त वाटलं त्यांनी हे आवर्जून बघावं. डीसीने, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनच्या कंपनीने, काढलेल्या ९-११ या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडावर ॲलेक्स रॉसचं चित्र आहे, सुपरमॅन आणि त्याचा कुत्रा क्रिप्टो मान वर करून भल्या मोठ्या भिंतीवर चितारलेल्या फायरमन, पोलीस, डॉक्टर, नर्सकडे बघतायत. तिथे सुपरमॅन एवढासा आहे आणि ती माणसं केवढी तरी. दोन वेगळ्या कंपन्या, वेगळे चित्रकार, आणि दोघांनीही हिरोला लहान करायचं ठरवलं.

आणि मे आंटीचं काय झालं ते खिशात ठेवलं होतं ना, ते त्याच दिवशी काढू नका. निदान एक रात्र जाऊ द्या आणि मग ३७ पासून पुढे वाचा, ३८ मध्ये मे आंटी आणि पीटर समोरासमोर बसून बोलतात, तो अख्खा अंक म्हणजे त्या दोघांचं बोलणंच आहे आणि त्याला ताजं डोकं लागतं.